पर्णार्क, परीक्षानळी आणि निष्कर्ष : खानदेशातील औषधी वनस्पतींवरील संशोधनलेखनाची चिकित्सा

सारांश

औषधी वनस्पतींच्या पानांतील रासायनिक घटक आणि त्या पानांच्या अर्काची ऑक्सिडीभवनरोधक म्हणजेच अँटिऑक्सिडंट क्षमता हा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील विज्ञान महाविद्यालयांच्या परिचयाचा संशोधनविषय आहे. या विषयावरील लेखांची एक ठरावीक घडण तयार झाली आहे. त्या घडणीतील परीक्षणे नेमके काय मोजतात, त्यांवरून काढले जाणारे निष्कर्ष कितपत ग्राह्य आहेत आणि स्थानिक संशोधकाने कोणते प्रश्न विचारावयास हवेत, यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रचलित परीक्षणांतून पारंपरिक औषधी उपयोगास पुष्टी मिळत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पर्णार्क, फिनॉल, अँटिऑक्सिडंट क्षमता, डीपीपीएच परीक्षण, लोकौषधी, खानदेश.

१. प्रस्तावना

उत्तरेस सातपुडा, मधून वाहणारी तापी आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा अशा या प्रदेशात वनस्पतींच्या अभ्यासाला विषयांची वाण पडत नाही. यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांतील पावरा, भिल्ल व तडवी समाजांत, तसेच साक्री तालुक्यातील कोकणा व मावची समाजांत पाला, साल व मुळ्या यांच्या औषधी उपयोगाचे ज्ञान आजही जिवंत आहे. या प्रदेशाच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंदही झालेली आहे. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००३ मध्ये, तर एस. आर. क्षीरसागर व डी. ए. पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी पार्श्वभूमी लाभलेल्या भागात पर्णार्कांचा अभ्यास व्हावा, हे स्वाभाविकच आहे. सॉक्सलेट उपकरण, काही विद्रावके आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढ्या सामग्रीवर हे काम होऊ शकते. मर्यादित अनुदानावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला ते परवडते आणि विद्यार्थ्याच्या हाताला शिस्त लावते. त्यामुळे या कामाची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही.

ही चिकित्सा लिहिण्यास एक साधा प्रसंग निमित्त झाला. जांभळाच्या पानांवर पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आकडेमोड पूर्ण झाल्यावर प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, आईला मधुमेह आहे. आता या पानांचा काढा तिला सुरू केला तर चालेल ना? गोळ्या कमी करता येतील का?" तिच्या प्रकल्पाच्या अखेरच्या परिच्छेदात या वनस्पतीच्या पारंपरिक उपयोगास वैज्ञानिक आधार मिळाल्याचे वाक्य होते. ते वाक्य तिने आधीच्या लेखांवरून घेतले होते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.च्या लघुप्रबंधातही निर्गुंडीच्या पानांविषयी जवळजवळ त्याच शब्दांचे वाक्य आहे. परीक्षकांनी ते मान्य केले होते आणि लेखकालाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. विद्यार्थिनीने मात्र ते वाक्य खरे मानले आणि त्याप्रमाणे वागावयास निघाली. म्हणून कोणा एका लेखाची परीक्षा न करता या लेखनप्रकाराचीच परीक्षा येथे केली आहे आणि तिचे पहिले उदाहरण स्वतःचेच घेतले आहे.

२. लेखाची ठरीव घडण

या प्रकारच्या लेखाचा आरंभ बहुधा आयुर्वेदाच्या प्राचीनतेने होतो. त्यानंतर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कुल आणि 'आदिवासी लोक या वनस्पतीचा उपयोग अनेक रोगांवर करतात' असे एक वाक्य येते. पाने गोळा करून सावलीत वाळवली, त्यांचे चूर्ण केले आणि पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म, मिथेनॉल व पाणी यांत अर्क काढले, असा कार्यपद्धतीचा भाग असतो. मेयर, वॅग्नर व ड्रॅगेनडॉर्फ यांच्या अभिकर्मकांनी अल्कलॉइडे, फेरिक क्लोराइडने फिनॉले व टॅनिने, शिनोडा परीक्षणाने फ्लेव्होनॉइडे आणि फेसाच्या परीक्षणाने सॅपोनिने तपासली जातात. अधिक-उणे चिन्हांचा तक्ता येतो. पुढे एकूण फिनॉलांचे प्रमाण आणि डीपीपीएच परीक्षणाचा आलेख येतो. शेवटी मिथेनॉल अर्क सर्वांत प्रभावी ठरल्याचे आणि पारंपरिक उपयोगास पुष्टी मिळाल्याचे सांगितले जाते.

ही घडण रूढ होण्याची कारणे केवळ शैक्षणिक नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रकाशनांची सांगड गुणांकांशी आणि पदोन्नतीशी घातली. थोड्या काळात, हमखास निकाल देणारा विषय हवा असेल तर पर्णार्कासारखा विषय नाही. निकाल हमखास का येतो, हाच येथील कळीचा प्रश्न आहे.

३. परीक्षण काय मोजते?

डीपीपीएच हे गडद जांभळ्या रंगाचे, स्थिर मुक्त मूलक आहे. त्याच्या द्रावणाची प्रकाशशोषकता ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास मोजतात. हायड्रोजन अणू किंवा इलेक्ट्रॉन देऊ शकणारा पदार्थ त्यात मिसळला की जांभळा रंग ओसरून फिकट पिवळा उरतो. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ही रीत मांडली. रंग निम्म्यावर आणण्यास अर्काची जी संहती लागते तिला आयसी-५० म्हणतात. रीत सोपी, स्वस्त आणि तुलनेसाठी उपयुक्त आहे. परंतु डीपीपीएच मानवी शरीरात नसते. मिथेनॉलमध्ये, परीक्षानळीत, साधारण अर्ध्या तासात घडणारी ती एक रासायनिक क्रिया आहे. अर्कात क्षपणकारी द्रव्ये किती आहेत एवढेच ती सांगते.

फोलिन-सिओकॅल्टो अभिकर्मकाचीही गोष्ट अशीच आहे. त्याने 'एकूण फिनॉल' मोजले जाते असे आपण लिहितो. प्रत्यक्षात ॲस्कॉर्बिक आम्ल, क्षपणकारी शर्करा आणि प्रथिनांतील काही घटकही त्याच्याशी अभिक्रिया करतात. त्यामुळे गॅलिक आम्लाच्या प्रमाणात दिलेला आकडाही बऱ्याच अंशी क्षपणक्षमतेचाच आकडा असतो. एकूण फिनॉल आणि डीपीपीएच यांत उत्तम सहसंबंध आढळल्याचे आपण समाधानाने नोंदवतो, तेव्हा पुष्कळदा एकच गुण दोन मापांनी मोजून ती मापे जुळल्याचा आनंद मानत असतो.

आता हमखास निकालाचे कारण स्पष्ट होते. फिनॉले व फ्लेव्होनॉइडे ही हिरव्या पानाची सार्वत्रिक द्रव्ये आहेत. अतिनील किरण, कीटक आणि कोरडेपणा यांपासून वनस्पती त्यांच्या साहाय्याने स्वतःचे रक्षण करते. ती ज्यात अजिबात नाहीत असे पान शोधणे कठीण आहे. जळगाव वा धुळ्याच्या बसस्थानकाबाहेरील टपरीवरचा चहाही या परीक्षणात उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. गाजरगवताच्या पानांत कॅफेइक व क्लोरोजेनिक आम्लांसारखी फिनॉले आहेत, तरी शेतात त्याच्या स्पर्शाने त्वचेला होणारा त्रास खानदेशातील शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. कण्हेरीच्या पानांतही फिनॉले व फ्लेव्होनॉइडे आहेत आणि त्याच पानांत हृदयाची क्रिया बंद पाडणारे ओलिअँड्रिनही आहे. ज्या परीक्षणात नापास होणारे पान सहसा सापडत नाही, त्यात उत्तीर्ण होणे हा एखाद्या पानाचा औषधी गुण मानता येत नाही.

येथे आपल्या कार्यपद्धतीतील मोठी उणीव दिसते. आपण ॲस्कॉर्बिक आम्लाशी तुलना करतो, परंतु औषधी न मानल्या गेलेल्या पानांशी करीत नाही. लोकपरंपरेने निवडलेली दहा पाने आणि त्याच परिसरातील, त्याच ऋतूतील, औषधात न वापरली जाणारी दहा पाने एकाच रीतीने तपासली आणि पहिल्या गटाचे आकडे लक्षणीय वेगळे आले, तरच परंपरेच्या निवडीचा आणि या गुणाचा काही संबंध असावा असे म्हणण्यास जागा राहील. दुसरा गटच नसेल तर 'पुष्टी' हा शब्द निराधार ठरतो.

४. परीक्षानळीपासून शरीरापर्यंत

आकड्यांचा अर्थ लावताना एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका अर्काचा आयसी-५० प्रति मिलिलीटर १२० मायक्रोग्रॅम आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ लिटर रक्तद्रव असतो. तेवढी संहती त्यात आणावयाची तर ३६० मिलिग्रॅम शुष्क अर्क संपूर्णपणे आणि एकाच वेळी रक्तात उतरावयास हवा. वनस्पतिजन्य फिनॉलांचा थोडाच अंश आतड्यातून शोषला जातो आणि आतड्याची भित्ती व यकृत यांत त्याचेही रूपांतर होते. शेकडा ५ भाग जसाच्या तसा पोहोचला असे उदारपणे धरले तरी ७.२ ग्रॅम अर्क घ्यावा लागेल. चूर्णापासून शेकडा १० अर्क निघतो असे मानल्यास हे प्रमाण ७२ ग्रॅम वाळलेल्या पानांचे होते. कोणताही वैदू एवढे चूर्ण एका वेळी देत नाही. म्हणजे पान गुणकारी असेलच, तर त्याचा गुण बहुधा या मार्गाने येत नसावा.

अँटिऑक्सिडंट म्हणजे आरोग्यदायी, हे समीकरण जागतिक पातळीवरही तपासले गेले आहे. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मुक्त मूलके आणि वार्धक्य यांचा संबंध सुचविल्यानंतर या कल्पनेला मोठे बळ मिळाले. परंतु फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी शेकडा १८ ने अधिक आढळले. अमेरिकेतील बीटा कॅरोटिन व रेटिनॉल यांची चाचणी अशाच कारणाने जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. परीक्षानळीतील मोजमापांवर आधारलेली खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची सूची अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली, कारण त्या आकड्यांवरून मानवी आरोग्याविषयी काही सांगता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो. हे सर्व घडून गेल्यावरही आपल्या लेखांची प्रस्तावना मुक्त मूलकांपासून सुरू होऊन कर्करोग, मधुमेह व हृदयविकार यांच्या नामावलीवर येते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

५. पानाचा गुण कोठे असतो? दोन उदाहरणे

पानांत औषध नसते, असा याचा अर्थ नव्हे. अडुळशाचा पाला खोकल्यावर वापरण्याची परंपरा महाराष्ट्रातील घराघरांत आहे. त्या पानांतील व्हॅसिसिन या अल्कलॉइडाच्या रेणुरचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध विकसित झाले आणि १९६० च्या दशकात वापरात आले. येथे परंपरेची निरीक्षणे फळाला आली. मात्र हा गुण अल्कलॉइडाचा होता आणि तो श्वासमार्गातील कफावरील परिणाम तपासूनच कळला. अडुळशाच्या अर्काचा डीपीपीएच आकडा कितीही चांगला आला असता तरी त्यातून तो कळला नसता. व्हॅसिसिनचा गर्भाशयावर आकुंचक परिणाम होतो, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळावयाचा, ही सावधगिरीची सूचनाही त्या आकड्यातून मिळत नाही.

दुसरे उदाहरण चीनमधील आहे. हिवतापावरील औषध शोधताना तू योयो यांना छिंगहाओ या वनस्पतीच्या अर्कांचे निकाल सारखे येत नव्हते. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, रस पिण्यास सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि त्यातून पुढे आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारंपरिक कृतीचा तपशील त्यांनी प्रयोगाची दिशा ठरविणारा पुरावा मानला. आपल्या लेखांत मात्र लोक ज्या पानांचा ताजा रस काढतात ती वाळवली जातात आणि ज्यांचा पाण्यात काढा करतात ती सॉक्सलेटमध्ये तासन् तास मिथेनॉलखाली ठेवली जातात. नंतर निष्कर्ष मात्र लोकांच्या रसाविषयी व काढ्याविषयी काढला जातो. ज्या विद्रावकाचा एक थेंबही रुग्णाला द्यावयाचा नाही, त्यातील अर्काच्या आकड्यावरून काढ्याचा गुण सिद्ध करणे तर्काला धरून नाही.

६. ओळख आणि ऋण

वनस्पतीची निश्चित ओळख ही या अभ्यासाची पहिली पायरी होय. तिचे महत्त्व गुळवेलीच्या प्रकरणाने पुन्हा दाखवून दिले. कोविड साथीच्या काळात गुळवेलीचा काढा घेणाऱ्या मुंबईतील ६ रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखरच गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जाती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. त्या वादात कोणतीही बाजू घेतली तरी एक गोष्ट निर्विवाद आहे : नमुना जपून ठेवलेला नसेल तर या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आपल्या अनेक लेखांत हर्बेरियमचा नमुना क्रमांक नसतो. 'वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घेतली' एवढ्यावर भागते. जिल्ह्यांच्या वनस्पतींचे प्रमाणग्रंथ हाताशी असताना ही ढिलाई क्षम्य ठरत नाही.

दुसरा प्रश्न ऋणाचा आहे. 'आदिवासी लोक वापरतात' या वाक्यात कोणत्या गावचे, कोणत्या समाजाचे, कोणत्या नावाने, कोणत्या महिन्यात, कोवळे की जून पान, किती आणि कशासोबत, यांतील एकही गोष्ट नसते. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या 'औषधीसंग्रह' या मराठी ग्रंथाने वनस्पतीचा उपयोगी भाग आणि मात्रा यांना जे स्थान दिले, ते शतकाच्या अंतराने लिहिल्या जाणाऱ्या आपल्या लेखांत दिसत नाही. पावरी, भिली वा अहिराणी नावे गळून पडतात आणि त्यांच्यासोबत उपयोगाचा तपशीलही गळतो. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. आपले लेख त्या नोंदवहीला पूरक ठरू शकतात. माहिती देणाऱ्याची संमती घेणे, त्याने मान्यता दिल्यास त्याचा निर्देश करणे आणि निष्कर्ष त्याला त्याच्या भाषेत सांगणे, हा या कामातील किमान शिष्टाचार मानला पाहिजे.

७. खानदेशाने विचारावयाचे प्रश्न

मग महाविद्यालयीन प्रयोगशाळेने काय करावे? तीच उपकरणे वापरून अधिक अर्थपूर्ण प्रश्न विचारता येतात. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात नेणारा, पावसाळ्यात हिरवा होणारा आणि हिवाळ्यानंतर पानगळ अनुभवणारा हा प्रदेश आहे. अंजन, सालई, धावडा, पळस यांसारख्या वृक्षांच्या पानांतील फिनॉलांचे प्रमाण ऋतूनुसार कसे बदलते, हे एकाच खुणा केलेल्या झाडाची पाने महिन्या-महिन्याला तपासून पाहता येईल. 'सावलीत वाळवली' या शब्दांत ऑगस्टमधील दमट सावली आणि मेमधील तप्त सावली दोन्ही बसतात, परंतु पानांतील द्रव्यांवर दोन्हींचा परिणाम सारखा होईल असे मानता येत नाही. म्हणून वाळवण्याचे तापमान व दिवस नोंदवावयास हवेत. ताजा रस, काढा आणि मिथेनॉल अर्क यांची तुलना हा एका विद्यार्थ्याला एका वर्षात झेपणारा आणि लोकव्यवहाराशी थेट भिडणारा विषय आहे.

यासाठी पुढील किमान अटी पाळाव्यात असे सुचवावेसे वाटते. (१) संग्रहाचे ठिकाण, तारीख व हर्बेरियम क्रमांक द्यावा. (२) लोकांच्या कृतीप्रमाणे केलेली किमान एक सिद्धता तपासावी. (३) औषधात न वापरल्या जाणाऱ्या पानांचा तुलनागट घ्यावा. (४) विषारीपणाची तपासणी झाली नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. (५) परीक्षणाने जे मोजले तेवढेच निष्कर्षात लिहावे. उदाहरणार्थ, 'या वनस्पतीच्या पारंपरिक उपयोगास वैज्ञानिक आधार मिळाला' असे न लिहिता 'सप्टेंबरमध्ये गोळा केलेल्या पानांच्या मिथेनॉल अर्काने डीपीपीएचचे क्षपण केले. ते ॲस्कॉर्बिक आम्लापेक्षा कमी होते. यावरून रोगावरील उपयोगाविषयी विधान करता येत नाही' असे लिहावे. हे वाक्य कमी आकर्षक आहे, परंतु ते खरे आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. ही प्राथमिक चाळणी आहे, पुढचे काम मोठ्या संस्था करतील, असे म्हटले जाते. चाळणीचे काम काही वगळणे हे असते. जी चाळणी जवळजवळ सर्वच पाने पुढे पाठवते, ती मोठ्या संस्थांचे काम हलके करीत नाही. शिवाय लेख वाचणारा प्रत्येक जण संशोधक नसतो. चूर्ण विकणारा त्यातील एक वाक्य वेष्टनावर छापतो आणि घरातील रुग्ण ते वाचतो.

८. समारोप

त्या विद्यार्थिनीस प्रस्तुत लेखकाने सांगितले की, आईच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कमी करू नयेत आणि तिच्या प्रयोगावरून काढ्याविषयी होकारही देता येत नाही, नकारही देता येत नाही. तिने त्यावर विचारले, "मग शेवटचा परिच्छेद बदलू का?" तो बदलला गेला. लेखकाच्या लघुप्रबंधातील वाक्य मात्र ग्रंथालयात तसेच आहे आणि या लेखाद्वारे ते मागे घेण्यात येत आहे. पदव्युत्तर प्रकल्पाच्या मौखिक परीक्षेत यापुढे प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रश्न आवर्जून विचारावा, अशी सहकाऱ्यांना विनंती आहे : तुमचा निष्कर्ष वाचून घरातील आजारी माणसाने काही घ्यावे वा सोडावे काय? उत्तर 'नाही' असेल तर ते निष्कर्षातही लिहिलेले असावे.